टपावरचे दिवे: भंडारदऱ्याच्या धुक्यासाठी कुठले घ्यावेत, कसे बसवावेत?

प्रवराकाठ

मंडळी, गाडी जुनी थार, सीआरडीई (डिझेल), २०१७ची. वर बाहेरून बसवून घेतलेला कडक टप, त्यावर लोखंडी कॅरिअर. राहायला शेंडीजवळ. पावसाळ्यात साम्रद, रतनवाडी, घाटघरकडच्या वाड्यांवरून रात्री-अपरात्री फोन येतात. कुणाला साप चावलेला असतो, कुणाच्या घरी बाईला कळा सुरू झालेल्या असतात. गाडी असलेला जवळचा माणूस मीच, म्हणून निघतो आणि राजूरच्या दवाखान्यापर्यंत पोचवतो.

मागच्या वर्षी एका दुकानातून टपावर पुढच्या कडेला पन्नास इंची एलईडी बार लावून घेतला. दुकानदार म्हणाला, रात्रीचा दिवस होईल. उन्हाळ्यात तसं वाटलंही. जुलैत एका रात्री बाळंतपणाची केस घेऊन निघालो, जलाशयाच्या कडेने धुकं उतरलेलं. बार लावला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. रस्ता नाही, कठडा नाही, बॉनेटसुद्धा चमकायला लागलं. बार बंद केला तर डोळे आधीच दिपलेले, मिनिटभर काहीच दिसेना. शेवटी बाईचा दीर खाली उतरून बॅटरी घेऊन पुढे चालत राहिला आणि मी त्याच्या मागे. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत, पण ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

शिवाय आठवडाभराने जळका वास आला. बघतो तर कॅरिअरच्या धारेवर घासून वायर उघडी पडलेली. बॅटरीपासून थेट स्विच, स्विचपासून थेट बार. मध्ये फ्यूज नाही, रिले (छोट्या करंटच्या स्विचने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) नाही.

आता सगळं काढून ठेवलंय. यंदाच्या पावसाआधी नीट करायचं आहे. दिवे कुठले, किती वॅटचे, टपावर लावावेत की नकोत, वायरिंग कसं? जाणकारांनी हातचं न राखता लिहा.

चिखलवाट

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं.

मी टपावरच्या दिव्यांच्या बाजूचा माणूस आहे. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखल-जंगलातली गाड्यांची स्पर्धा होते, तिथे रात्रीचे टप्पे जवळून पाहिलेत. गाडी खड्ड्यात नाकावर उतरते तेव्हा बंपरवरचे दिवे चिखलात रुततात किंवा समोरच्या मातीवर आपटतात. अशा वेळी पलीकडचा चढ, झाड, विंचचा (अडकलेली गाडी ओढणाऱ्या चरखीचा) दोर अडकवायची जागा हे सगळं टपावरचाच दिवा दाखवतो. माणसं खाली उतरून काम करत असतात, त्यांनाही वरून पडणारा उजेड लागतो.

पण हे सगळं ताशी पाच-दहा किलोमीटरचं काम आहे. तुम्हाला रस्त्याने जायचं आहे, तेही धुक्यातून. तुमची गरज वेगळी आहे, आणि दुकानदाराने ती विचारलीच नाही असं दिसतंय.

टेस्टर

कोल्हापूरचा आहे, तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलंय. भावा, आधी ती गाडी वाचली याबद्दल देवाला नारळ फोड. बॅटरीपासून बिनफ्यूजची वायर पत्र्याला लागली की शंभरावर अँपिअर वाहतात. आग लागायला काही सेकंद पुरतात.

वायरिंगवर सावकाश लिहितो. त्याआधी दिव्यांच्या जागेबद्दल.

धुक्यात दिसत का नाही? पाण्याच्या प्रत्येक थेंबावर उजेड आपटून थोडा माघारी येतो. टपावरचा दिवा तुझ्या डोळ्यांच्या अगदी जवळ, वर हातभर अंतरावर. तू ज्या रेषेत बघतोस त्याच रेषेतून त्याचा झोत जातो, म्हणजे तुझ्या नजरेच्या वाटेवरचा एकूण एक थेंब पेटलेला. तोच दिवा बंपरखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि वरून कापल्यासारखा सपाट झोत देणारा असेल, तर उजेड खालून जातो. तुझी नजर अंधाऱ्या धुक्यातून जाते आणि फक्त रस्त्यापाशी उजेडाला भेटते. म्हणून फॉग लॅम्प खाली असतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. खालचा दिवा खड्ड्याची, दगडाची सावली लांब पाडतो. त्या सावलीवरून खोली कळते. टपावरचा दिवा डोळ्याशेजारी असल्याने सावली दगडाच्या मागे लपून जाते, आणि सगळा रस्ता भाकरीसारखा सपाट दिसतो. ओढ्यातली कपार दिसत नाही, दिसते तेव्हा चाक आत गेलेलं असतं.

काजवा

टेस्टरदादांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

माझा एक शब्द पिवळ्या दिव्यांबद्दल. पिवळा प्रकाश धुकं भेदतो असं सर्रास सांगितलं जातं, ते तसं नाही. धुक्याचा थेंब साधारण दहा मायक्रॉनचा, प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. थेंब एवढा मोठा असला की निळा काय, पिवळा काय, जवळपास सारखेच विखुरतात. आकाश निळं दिसण्याचं कारण इथे लागू होत नाही.

टेस्टर

काजवा, पुस्तकात तसं असेल, पण अंबोली, गगनबावडा, फोंडा या घाटांत मी आयुष्य काढलंय. पिवळ्यात डोळ्याला आराम पडतो, हे मी हजार ड्रायव्हरांकडून ऐकलंय.

काजवा

ते मला मान्यच आहे. आराम पडतो तो डोळ्याला, धुकं भेदलं जात नाही. पांढऱ्या ६००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका पिवळट) एलईडीत निळा भाग भरपूर असतो आणि निळ्याने डोळा जास्त दिपतो. तो काढून टाकला की दिपणं कमी होतं. फ्रान्समध्ये तर १९९३पर्यंत गाड्यांचे पुढचे दिवे पिवळेच असावेत असा नियम होता. तेव्हा खाली लावायचा दिवा ३००० केल्विनच्या आसपासचा घ्या, यात आपलं एकमत आहे. फक्त पिवळी फिल्म चिकटवून टपावरचा दिवा धुक्यात चालेल, असं कुणी समजू नये म्हणून लिहिलं.

आणि एक कळकळीची विनंती. तुमचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. पावसाच्या तोंडावर तिथे काजवे फुलतात. नर उडत उडत चमकतो, मादी खालून चमकून उत्तर देते, तेव्हा त्यांची जोडी जमते. झाडावर गाडीचा झोत पडला की ही हाक-उत्तर बंद पडते. मे-जूनमध्ये तिकडे येणाऱ्या गाड्या काय करतात हे तुम्हीच रोज बघत असाल. तुमचं काम जिवाचं आहे, तुम्हाला कोण काय म्हणणार? पण बाजूला फेकणारे दिवे लावलेत तर त्यांचा स्विच वेगळा ठेवा.

प्रवराकाठ

काजवा, बघतो ना. शनिवारी-रविवारी झाडांवर फुल बीम मारून फोटो काढणारे येतात. तुम्ही म्हणता ते ध्यानात ठेवीन.

टेस्टरदादा, सावलीचं वाचलं आणि पटलं. त्या रात्री नव्हे, पण दुसऱ्या एकदा रतनवाडीच्या अलीकडे अशाच खड्ड्यात चाक गेलं होतं. तेव्हा मी रस्त्याला दोष दिला होता.

पर्थकर

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात असतो. इथे रात्री रस्त्यावर कांगारू आडवे येतात, म्हणून लांब झोताचे दिवे सर्रास लावतात, पण बहुतेक लोक ते बंपरपुढच्या लोखंडी कठड्यावर, म्हणजे बुलबारवर, लावतात. टपावर बार लावलेला एक मित्र वर्षभरात कंटाळला. कारण वारा. ताशी ऐंशीच्या पुढे बार शीळ घालतो. बारच्या मागच्या बाजूला उष्णता जायला ज्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधून वारा जाताना ती शीळ होते. त्याने दरवाजाच्या कडेला लावतात तसली रबराची पट्टी बारच्या वरच्या कडेवर थोड्या थोड्या अंतराने बसवली, आवाज पुष्कळ कमी झाला.

टेस्टर

आता वायरिंग. जरा लांबेल.

पहिलं काम पैशाचं नाही. आहेत ते हेडलाइट सुधार. जुन्या थारमध्ये एच४ बल्ब, ६०/५५ वॅटचा. इंजिन चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर मीटर लाव. बॅटरीवर १३.८ असेल आणि होल्डरवर १२च्या खाली, तर उजेड कुठे जातोय ते कळेल. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीनच्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड खूप पडतो. १३.२ऐवजी ११.५ मिळाले की एक तृतीयांशाहून जास्त उजेड गायब. हेडलाइटला वेगळा रिले आणि जाड वायर टाकली की तोच बल्ब नवा वाटतो. १००/९० वॅटचे बल्ब मात्र घालू नकोस, होल्डर वितळतो आणि समोरचा आंधळा होतो.

आता जादा दिवे. वॅटवर जाऊ नकोस. खोक्यावर १८० वॅट लिहिलेल्या बारला मी क्लॅम्प मीटर लावलाय, पाच अँपिअर खेचत होता. साडेतेराने गुण, सत्तरसुद्धा होत नाहीत. विकत घेताना दुकानातच बॅटरीवर लावून अँपिअर मोज. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात कँडेला (झोताची तीव्रता) किंवा लक्स (जागेवर पडणारा उजेड) दिलेले असतात, ते बघ. हिशोब सोपा आहे: कँडेलाला मीटरच्या वर्गाने भाग. ४०,००० कँडेलाचा दिवा २०० मीटरवर १ लक्स देतो, ४०० मीटरवर पाव लक्स. पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्सच असतं. म्हणजे अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. जाहिरातीतले किलोमीटर विसर.

रिले: चार पायांचा, १२ व्होल्ट, ४० अँपिअर. ३० नंबरला बॅटरीहून येणारी जाड वायर, ८७वरून दिव्याला, ८५ आणि ८६ ही कॉइल. स्विचमधून फक्त कॉइलचा करंट जातो, अर्ध्या अँपिअरच्याही खाली. पाचवा पाय ८७ए असेल तर तो मोकळा ठेव, तिथे दिवा जोडलास तर उलटं काम होईल.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. दिव्याजवळ फ्यूज लावणारे भेटतात. अरे, वायर मधेच घासली तर तो फ्यूज काय राखणार? फ्यूज वायरला वाचवायला असतो. दिवे १० अँपिअर घेत असतील तर १५चा, आणि वायर त्याहून ताकदवान.

वायर: बॉनेटपासून टपापर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर धर. १० अँपिअरला दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत सव्वा व्होल्टच्या जवळ गळतात, अडीचमध्ये पाऊण, चारमध्ये अर्ध्याहून कमी. मी अडीचच्या खाली जात नाही. एलईडीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे: आतलं सर्किट, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ते व्होल्टेज कमी झालं की करंट वाढवून भरपाई करतं, त्यामुळे बारीक वायर जास्तच तापते.

अर्थिंग कॅरिअरला देऊ नकोस. कॅरिअर रंगवलेला, खाली रबर, आणि तुझा टप बाहेरून बसवलेला. मायनसची वायर परत खाली आण, पत्रा घासून थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) आवळ, वर ग्रीस लाव. थिंबल क्रिंप करायचं, म्हणजे पक्कडीने वायरीवर दाबायचं, चिकटपट्टी गुंडाळून सोडायचं नाही. गरम केली की आवळून बसणारी हीट श्रिंकची नळी स्वस्तात मिळते.

प्रवराकाठ

दादा, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. टपावरून वायर आत कुठून घेऊ? भोक पाडायला जीव होत नाही.

टेस्टर

पाडूच नकोस. पावसाचं पाणी वायरीवरून चालत येतं. मागच्या दाराच्या बिजागरीजवळून रबराखालून घे, आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ ठेव, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल. सगळी वायर फ्लेक्सिबल पाइपातून, वीत-वीतभरावर बांधलेली. नव्या गाड्यावाल्यांनी लक्षात ठेवा: पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर तिथून वायर नेऊ नका.

चिखलवाट

बसवण्याबद्दल मी लिहितो, कारण टेस्टरदादांनी टपाला पार खाली पाडलंय, आणि माझ्या मते तुम्हाला टपावर दोन दिवे हवेतच. वाडीवर पोचल्यावर पेशंट गाडीत घेताना, दरड बाजूला काढताना, चिखलात गाडी वळवताना ते लागतील. फक्त बार नको. दोन छोटे, रुंद फेकणारे फ्लड, प्रत्येकी वीसेक वॅटचे. दोन्ही मिळून तीन अँपिअर.

बॉनेट चमकतं ते दिवा टपाच्या अगदी पुढच्या कडेला असल्यामुळे. मागे सरकवा. माझा हिशोब असा: टपाची पुढची कड जमिनीपासून १.९ मीटर, बॉनेटचं टोक १.१ मीटर उंच आणि कडेपासून २ मीटर पुढे. म्हणजे कडेपासून बॉनेटच्या टोकापर्यंत उतार २ मीटरला ८० सेंटिमीटर. दिव्याची काच टपाच्या कडेहून १० सेंटिमीटर वर असेल, तर ती कडेपासून २५ सेंटिमीटर मागे न्यायची. मग टपाची कडच पडद्याचं काम करते, बॉनेटवर थेंबभर उजेड पडत नाही. त्या बदल्यात बॉनेटच्या पुढची पावणेतीन मीटर जमीन अंधारात राहते, ती तुमचे खालचे दिवे सांभाळतील. तुमची मापं वेगळी असतील, टेप लावून बघा.

रोख भिंतीवर ठरवा. गाडी भिंतीपासून १० मीटरवर सपाट जागी. दिवा २ मीटर उंच असेल तर झोताचा मध्य भिंतीवर दीड मीटरवर पडायला हवा. म्हणजे तो जमिनीला ४० मीटरवर टेकतो.

नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) घ्या, साधे दगडी रस्त्यावर महिन्यात ढिले होतात. कोकणात खारी हवा असते, तिथे अॅल्युमिनियमचं ब्रॅकेट आणि स्टीलचा बोल्ट एकमेकांना खातात. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. दिवा आयपी ६७ तरी हवा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाणार नाही. बाहेरच्या कडेला लावू नका, आडव्या फांद्या पहिल्यांदा तिथेच आदळतात.

कलमकसाई

वकील आहे, म्हणून लिहिणं भाग आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ सांगतो की गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी परवानगी घेतली तरच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाने परवानगीबाहेर केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दिव्यावर झाकण घातलं म्हणजे तो कायदेशीर झाला, हा समज चुकीचा आहे.

पण प्रवराकाठ, नियमातला ‘अपवादात्मक परिस्थिती’ हा शब्द तुमच्यासारख्यांसाठीच आहे असं मला वाटतं. श्रीरामपूरच्या आरटीओत अर्ज द्या. ग्रामपंचायतीचा ठराव आणि आरोग्य केंद्राचं पत्र जोडा. मसुदा मी लिहून देतो, एक पैसाही नको.

प्रवराकाठ

काय बोलू? आभार हा शब्द अपुरा आहे. निरोप पाठवला आहे.

प्रवराकाठ

मंडळी, ऑगस्ट संपत आला, म्हणून धागा वर काढतोय.

अर्ज दिला आहे, सोबत ठराव आणि पत्र. उत्तराची वाट बघतोय. तोवर टपावरच्या दिव्यांना रेक्झिनची झाकणं शिवून घेतली आहेत आणि त्यांचा फ्यूज काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे.

हेडलाइटला रिले टाकला. होल्डरवर आधी ११.६ येत होते, आता १३.३ येतात. एवढ्या एका कामाने अर्धा प्रश्न सुटला, आणि त्याचा खर्च जुन्या बारच्या पावशेरसुद्धा नव्हता.

बंपरखाली दोन पिवळे फॉग, जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर. टपावर दोन फ्लड, माझ्या गाडीच्या मापाने तीस सेंटिमीटर मागे न्यावे लागले. कॅरिअरचा मधला आडवा पाइप नेमका तिथेच होता, म्हणून वेगळं ब्रॅकेट लागलं नाही. मागे एक छोटा दिवा, पेशंट आत घेताना लागतो. तिघांचे स्विच वेगवेगळे.

मागच्या आठवड्यात घाटघरहून रात्री दीडला निघालो. म्हाताऱ्या माणसाला दम लागला होता. धुकं तसंच, त्या जुलैच्या रात्रीसारखं. फक्त डिपर आणि पिवळे फॉग. पंधरा-वीस मीटर रस्ता दिसत होता, डाव्या बाजूची पांढरी पट्टी दिसत होती. दुसऱ्या गियरमध्ये, न थांबता, राजूर गाठलं. कुणाला पुढे चालावं लागलं नाही.

टपावरचे दिवे त्या रात्री लावलेच नाहीत. झाकणंसुद्धा काढली नाहीत.

टेस्टरदादा, एक विचारायचं राहिलं. पिवळे फॉग लावले की एफएमवर खरखर येते. दिव्यातच दोष आहे का?

टेस्टर

दिव्याचा ड्रायव्हर स्वस्तातला असणार. रेडिओच्या अँटेनाच्या वायरीपासून दिव्याची वायर हातभर लांब ने, आणि दिव्याजवळ प्लस-मायनस दोन्ही वायरी मिळून फेराइटच्या कड्यातून दोन वेढे घाल. नाहीच गेली तर पावसाळ्यानंतर गाडी घेऊन कोल्हापूरला ये, घरी जेवायलाच ये. वहिनींनाही आण.